चौदा नंबरची स्वच्छ प्रत

२ मार्च

मुंगे,

फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचून तसाच सोडून देतेस, म्हणून हा कागद. कागद फेकायचा म्हटला तरी आधी हातात घ्यावा लागतो.

तुझा शेवटचा मेसेज एवढाच होता: "ताई, त्या साक्षीच्या प्रत्येक पानाखाली १४ छापलंय. तो नंबर तुझाच ना?" उत्तर हवंय, तर घे. आमच्या ऑफिसात सोळा मशिनं आहेत आणि आम्ही अकरा जणी. कुठल्या कुठल्या कंपन्यांच्या चौकशांची, डॉक्टरांची, वकिलांची रेकॉर्डिंगं येतात, ती आम्ही कानाला हेडफोन लावून ऐकतो आणि टाइप करतो. पानाखालचा नंबर मशीनचा असतो, माणसाचा नसतो. त्या दिवशी चौदावर कोण बसलं होतं हे मला आज कसं आठवणार?

उलट मीच तुला विचारते, ती प्रत तुझ्या हातात आली कशी? असले कागद घरी नेता येतात का? की तुझ्या नवऱ्यानं कुठून तरी मिळवलेत?

राग येईल, पण तू चुकीच्या माणसाची उलटतपासणी घेते आहेस. डिसेंबरात औषधांच्या त्या गोदामात भर दुपारी शीतखोलीचं दार उघडं राहिलं आणि लशींचे एकशे चाळीस खोके वाया गेले. हे काही मी केलेलं नाही. तीन वाजून दहा मिनिटांनी दाराशी निळं जॅकेट घातलेला माणूस होता, असं फोर्कलिफ्ट चालवणारा सांगतो. तो माणूस म्हणजे तिथला स्टोअरकीपर, म्हणजे तुझा नवरा, हेही तोच सांगतो. त्याचं काय वाकडं केलं होतं गं तुम्ही, की तो खोटं बोलेल?

आणि ते निळं जॅकेट आहे कुठं? डिसेंबरानंतर मी ते त्याच्या अंगावर पाहिलेलं नाही. तू पाहिलंस?

मला हा माणूस पहिल्या दिवसापासून कळलेला नाही. लग्न ठरताना आईनं सरळ विचारलं, "आमची मुलगी पसंत आहे ना?" तर म्हणाला, "आय गेस सो." सगळे हसले. मी नाही हसले. राहायचं कुठं ठरवलंय? बघू. नोकरी कायम झाली का? मेबी. मी त्याला बघूराव म्हणायला लागले तेव्हा तू चिडलीस. पण ज्याला एका प्रश्नाचं धड उत्तर देता येत नाही, तो काहीतरी झाकत असतो, असं मला वाटतं. वाटतं कशाला, आहेच.

ताई


९ मार्च

मुंगे,

उत्तर आलं नाही. आईनं दोनदा विचारलं, "धाकटीचं काही आलं का?" तिला फोनवर ऐकू येत नाही म्हणून तुमचं सगळं बोलणं माझ्यामार्फत चालतं आणि आता मीच मध्ये बंद पडलेय.

चौकशी केली. ज्याच्यावर आरोप आहे त्याला साक्षीची प्रत द्यावीच लागते म्हणे. तेव्हा तो एक संशय मी मागे घेते.

दुसरं म्हणजे, जानेवारीतली हजेरीवही पाहिली. नऊ तारखेला चौदावर मीच होते. तू खूश होऊ नकोस. मी टाइप केलं म्हणजे मी साक्ष दिली असं होत नाही. टपाल आणणाऱ्याला कुणी पत्राबद्दल धरत नाही.

आमचं काम कसं चालतं हे तुला कधी नीट सांगितलं नाही. गिऱ्हाईक दोन प्रकारची प्रत मागवतं. एक जशीच्या तशी: माणूस खोकला तर खोकला, अडखळला तर अडखळला. दुसरी स्वच्छ प्रत. माणसं बोलताना फार पालापाचोळा सांडतात, तो झाडून काढायचा. प्रत्येक टेबलासमोर मोठ्या मॅडमनी यादी चिकटवलेली आहे, एकोणीस शब्दांची. अं, हं, यू नो, आय मीन, काइंडा, सॉर्टा, आय गेस, अशी. हे शब्द दिसले की गाळायचे. चौकशा इंग्रजीत चालतात, कारण चौकशी करणारे बाहेरून येतात. आणि ही गोदामातली, कारखान्यातली माणसं इंग्रजी शिकलेली असतात सिनेमे पाहून. त्यांच्या दर वाक्याला एक आय गेस चिकटलेला असतो. चौदा वर्षं मी ते झाडते आहे. आता माझ्या बोटांना विचारावं लागत नाही, पायाखालचं पेडल दाबलं की रेकॉर्डिंग पुढं सरकतं आणि पाचोळा आपोआप बाजूला पडतो. माझी पानं तपासणारा तपासनीस म्हणतो, चौदाची प्रत म्हणजे धुतलेला तांदूळ.

तुमच्या कंपनीच्या चौकशी समितीनं स्वच्छ प्रत मागवली होती. त्यांना स्वच्छ प्रत मिळाली. यादीत होते ते शब्द गेले. त्यात माझं काय?

तू म्हणशील, नातेवाइकाचा आवाज ओळखला तर फाइल परत करायची असा नियम आहे ना? आहे. पण साक्ष फोर्कलिफ्टवाल्याची होती आणि तो माझा कुणी नाही.

ताई


१६ मार्च

मुंगे,

समितीच्या प्राथमिक निकालातली ओळ तू पाठवलीस. पत्र नाही, निरोप नाही, नुसता फोटो. "साक्षीदार ठाम आहे. कर्मचारी प्रत्येक प्रश्नाला टाळाटाळ करतो." खाली अंतिम सुनावणीची तारीख, चार एप्रिल. त्या दिवशी निकाल विरुद्ध गेला तर तुझा नवरा कायमचा बाहेर, आणि असा शेरा घेऊन त्याला दुसरं कुठलंही औषधांचं गोदाम दारात उभं करणार नाही, हे मला कळतं. तुमचं घरही कंपनीचं आहे. छोटीची शाळा त्याच आवारात आहे. तू हे काहीच लिहिलं नाहीस, पण फोटो तेवढ्यासाठीच पाठवलास ना? की मला घाबरवायला?

तर मी काल जेवणाच्या सुट्टीत रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. नव्वद दिवस ठेवतात, मग पुसतात. नऊ एप्रिलपर्यंत आहे.

मी टाइप केलेलं असं आहे: तो तोच होता. पाठीवरून त्याच्यासारखा दिसला. निळं जॅकेट.

आणि तो फोर्कलिफ्टवाला बोलला ते असं: "आय गेस इट वॉज हिम. काइंडा लुक्ड लाइक हिम फ्रॉम द बॅक. ब्लू जॅकेट, मेबी. डनो, कुड बी एनिबडी."

तोच असावा. पाठीवरून जरासा तसा. जॅकेट निळं, बहुतेक. काय माहीत, कुणीही असेल.

मी चार वेळा ऐकलं. शेवटच्या वाक्याला तो हसलाही आहे, आपल्याला काही धड दिसलं नव्हतं याची लाज वाटल्यासारखा.

माझ्या मनात पहिलं आलं ते तपासनिसाचं नाव. म्हटलं, यानंच जास्तीची सफाई केली असणार. मागच्या वर्षी माझी बढती झाली, त्याची नाही झाली, तेव्हापासून त्याचं माझ्याशी बोलणं "बरं" आणि "ठीक" एवढंच आहे. फाइलीचा इतिहास उघडून पाहिला. कुणी कुठला शब्द कधी काढला ते मशीन लिहून ठेवतं. तपासनिसानं एक स्वल्पविराम घातलेला आहे. बाकी सगळीकडे चौदा.

मग भिंतीवरची यादी वाचली. चौदा वर्षांनी प्रथमच, बोट ठेवून वाचली. आय गेस आहे. काइंडा आहे. मेबी नाही. डनो नाही. "कुड बी एनिबडी" तर नाहीच, ते पूर्ण वाक्य आहे.

शेजारच्या टेबलावरच्या नऊ नंबरला मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तू मेबी गाळतेस का गं?" ती म्हणाली, "वेडी का काय, तो तर अर्थ असतो."

मी सवयीनं गाळला असेल. हाताचा वेग असतो. तू स्वयंपाक करतेस तेव्हा मीठ किती टाकलं ते आठवतं का तुला?

हे पत्र कुणाला दाखवू नकोस.

ताई


२४ मार्च

मुंगे,

आधी ते जॅकेट.

आईच्या खुर्चीतली पाठीमागची उशी फार खाली बसली म्हणून परवा अभ्रा काढला. आत उशी नव्हतीच. निळं जॅकेट होतं, घडी घालून, वर जुना टॉवेल गुंडाळून. मी आईच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "हे कुठून आलं?"

"जावयांचं आहे," ती म्हणाली. "नोव्हेंबरात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आले होते ना. मला कुडकुडताना पाहिलं, काढून दिलं. पाठीला फार बरं वाटतं."

"परत नाही मागितलं?"

"मीच म्हटलं, घेऊन जा. तर म्हणाले, बघू."

मुंगे, नोव्हेंबरात. दार उघडं राहिलं ते डिसेंबरात.

आता जे लिहायचंय ते लिहायला मला तीन कागद लागले, दोन फाडले. जानेवारीत तू मला विचारलं होतंस, "ताई, आईकडे ह्यांचं जॅकेट राहिलंय का बघशील?" मी लगेच उत्तर पाठवलं होतं, "नाही." मी बघितलं नव्हतं. उठलेसुद्धा नव्हते. मला वाटलं, जॅकेट कुठंतरी लपवलंय आणि आता आमच्या घरावर ढकलतोय. तो निदान "बघू" म्हणतो. मी न बघता "नाही" म्हणते.

आणखी आहे. त्या नऊ तारखेला माझ्याकडे एक नाही, दोन फाइली आल्या होत्या. दुसरी तुझ्या नवऱ्याची होती. दुसऱ्याच मिनिटाला आवाज ओळखला. नियमाप्रमाणे हात वर करून मोठ्या मॅडमना सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं. मला ऐकायचं होतं, तो किती खोटं बोलतो ते.

त्याला विचारलं, दार तू बंद केलंस का? तो म्हणाला, "आय थिंक सो. आय मीन, ऑलवेज डू. सॉर्टा हॅबिट." विचारलं, जॅकेट कुठं आहे? तो म्हणाला, "डनो. मेबी अॅट माय मदर-इन-लॉज."

माझ्या घरी! तो माझ्या घराचं नाव घेत होता आणि मी ते टाइप करत होते आणि मनात म्हणत होते, काय बेमालूम थाप मारतो हा.

दोन्ही फाइली स्वच्छ प्रतीच्याच होत्या. एकाच दुपारी केल्या. समोर यादी एकच. फोर्कलिफ्टवाल्याच्या बोलण्यातून मी यादीतले शब्द काढले आणि यादीत नसलेलेही काढले. तुझ्या नवऱ्याच्या बोलण्यातला एकही शब्द काढला नाही. प्रत्येक अं, प्रत्येक सॉर्टा, प्रत्येक आय मीन जागच्या जागी. समितीला तो ठाम दिसला आणि हा टाळाटाळ करणारा दिसला. तसे ते मी दाखवले.

मी हे मुद्दाम केलं का, हे मला खरंच सांगता येत नाही. सगळ्यांवर संशय घेऊन झाला, आता माझ्या दहा बोटांवर आला आहे. टेबलावर पसरून बघत बसते त्यांच्याकडे. ती काही बोलत नाहीत.

आईला सगळं सांगितलं. ती बराच वेळ टॉवेलची घडी घालत राहिली. मग म्हणाली, "लहानपणी तो थर्मामीटर फुटला तेव्हाही तू म्हणालीस, हिनंच फोडला. पाहिलं होतंस का?"

मी म्हटलं, आठवत नाही.

"मला आठवतं," ती म्हणाली. "तू बाहेर खेळत होतीस."

तुला त्या दिवशी कोंडून ठेवलं होतं ना? किती वेळ, ते मला कधी विचारावंसं वाटलं नाही.

जॅकेट वेगळ्या पाकिटातून पाठवते आहे. आईला न विचारता नाही, विचारून.

ताई


३० मार्च

मुंगे,

मोठ्या मॅडमना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं, दोन्ही प्रती शेजारी शेजारी ठेवल्या आणि बराच वेळ पेन्सिलीनं खुणा करत बसल्या. मग म्हणाल्या, "एक सोपा रस्ता आहे. यादीची चूक म्हणू. मेबी यादीत होता, नंतर काढला, असं म्हणू. तुझी नोकरी वाचेल."

तुला वाटेल मी ताडकन नाही म्हटलं. नाही. मी एक रात्र मागून घेतली. ते शब्द यादीत होते असं लिहिलं, तर चूक कुणाचीच राहत नाही, तुझ्या नवऱ्यालाही फायदा तोच. मला तो रस्ता आवडला होता. म्हणूनच त्याचा संशय आला.

सकाळी जाऊन सांगितलं की यादीत नव्हता.

दोन्ही रेकॉर्डिंगं पहिल्यापासून टाइप केली, जशीच्या तशी. तपासनिसाला शेजारी बसवून घेतलं, म्हणजे माझ्या हातांवर नजर राहील. तो दर ओळीला मान हलवत होता. एके ठिकाणी म्हणाला, "इथं तो हसलाय, तेही लिहा." लिहिलं. माझं त्याच्याबद्दलचं सोळा तारखेच्या पत्रातलं वाक्य तू खोडून टाक.

जशाच्या तशा प्रतीखाली सही करावी लागते: ऐकले तसे लिहिले. ती केली. प्रती समितीकडे गेल्या आहेत आणि मला चार तारखेला हजर राहायला सांगितलं आहे. तोपर्यंत घरी बसायचं आहे. चौदावर आता नऊ नंबर बसते.

हे सगळं मी तुझ्यासाठी करते आहे असं समजू नकोस. मला वाटतं, मला फक्त तुझं उत्तर हवं आहे आणि त्यासाठी मी काहीही करीन. हेही तपासून घे.

ताई


१९ एप्रिल

मुंगे,

त्या दिवशी तू व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला उभी होतीस. छोटीचा हात तुझ्या हातात होता. तिनं मला पाहून हात हलवला आणि तू तिचा हात खाली केलास. मी ते पाहिलं. बरोबरच केलंस.

आत काय झालं ते तुझ्या नवऱ्यानं सांगितलं असेल, किंवा नसेलही. त्याला नीट सांगता येत नाही. म्हणून मी सांगते.

फोर्कलिफ्टवाल्याला त्याचंच रेकॉर्डिंग ऐकवलं. तो म्हणाला, "मी पहिल्यापासून हेच म्हणतोय. तुम्हीच येऊन मला सांगितलंत की मी ठाम आहे." मग मी पाठवलेलं आणि तू न फोडताच समितीकडे दिलेलं पाकीट उघडून त्यांनी जॅकेट टेबलावर ठेवलं. कॉलरवर आईच्या केसांच्या तेलाचा डाग होता. चौकशी करणाऱ्यांनी तो नीट पाहिला, जॅकेट नोव्हेंबरापासून आईकडेच होतं हे माझ्याकडून ऐकून घेतलं. ते म्हणाले, यावरून एवढंच दिसतं की त्या दिवशी हे जॅकेट तिथं नव्हतं. दाराशी कोण होतं ते यावरून दिसत नाही. तशी निळी जॅकेटं गोदामात बावीस जणांकडे आहेत.

मग माझ्याकडे वळले. त्यांनी विचारलं, "हे शब्द तुम्ही सवयीनं गाळले, की हेतूनं?"

माझी दोन्ही उत्तरं तयार होती. सवयीनं म्हटलं असतं तर नोकरी राहिली असती. हेतूनं म्हटलं असतं तर तू मला माफ करायला लागली असतीस, असं मला वाटत होतं; रडून कबुली दिलेल्या माणसावर फार दिवस रागावता येत नाही. मी तुझ्या नवऱ्याकडे पाहिलं. तो खाली मान घालून जॅकेटची चेन वरखाली करत होता.

मी म्हटलं, "माहीत नाही."

ते म्हणाले, "म्हणजे?"

"म्हणजे थोडं सवयीनं असेल. थोडं नसेल. नक्की सांगता येत नाही."

टाइप करणारी मुलगी माझ्याकडे बघत होती. मी तिला म्हटलं, "हे असंच लिही."

तुझ्या नवऱ्यानं मान वर केली. पहिल्यांदाच त्यानं माझ्याकडे थेट पाहिलं. हसला नाही.

त्याला परत कामावर घेतलं हे कळलं. शेरा काढला हेही कळलं. दार कुणी उघडं टाकलं हे कधी कळणार नाही बहुतेक. खरं सांगायचं तर तोही असू शकतो; सवयीचा माणूस एखाद्या दिवशी सवय चुकतो. हे तुला आवडणार नाही, पण आता त्याच्या बाजूनं खोटं ठाम बोलायलाही मी तयार नाही.

मला ऑफिसनं काढलेलं नाही. चौकशांच्या फाइली देत नाहीत. डॉक्टरांची रेकॉर्डिंगं देतात. मोठ्या मॅडमनी भिंतीवरच्या यादीखाली लाल शाईनं एक ओळ वाढवली आहे: शंका असेल तर शब्द ठेवा. नऊ नंबर त्याला माझं स्मारक म्हणते.

मागच्या आठवड्यात तुला चार ओळी लिहून विचारलं होतं, आईला घेऊन एखाद्या रविवारी येऊ का? काल तुझं कार्ड आलं. तुझं अक्षर. त्यावर एकच शब्द आहे.

बघू.

आईनं विचारलं, "काय लिहिलंय?" मी तिच्या कानाशी मोठ्यानं वाचलं.

"म्हणजे हो की नाही?"

दोन महिन्यांपूर्वी मी तिला सांगून टाकलं असतं. नाही म्हणतेय, आई. इतकं सोपं होतं ते. मी कार्ड पुन्हा एकदा पाहिलं, उलटूनही पाहिलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "बघू असं लिहिलंय."

तिनं वाकून पलंगाखालून बाहेर जायच्या चपला ओढून काढल्या, पुसल्या आणि दाराशी नेऊन ठेवल्या. मी त्या उचललेल्या नाहीत.

ताई